स्वीटकॉर्नची पानं पिवळी पडली: काय फवारू विचारण्याआधी पिवळं पान कुठलं ते बघा

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे वाचणाऱ्या बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. लातूरला घरामागच्या दहा बाय पंधरा फुटांच्या तुकड्यात तुम्ही आर्द्रा नक्षत्रात स्वीटकॉर्न टोकलं. शंभरेक झाडं आहेत, महिना उलटून गेलाय. पेरणीआधी शेणखत घातलं होतं, उगवणही छान झाली. मग आठवडाभर झड लागली, तुकड्यात पाणी साचलं आणि पानं पिवळी पडायला सुरुवात झाली. दुकानदाराने सूक्ष्म अन्नद्रव्यांचं मिश्रण आणि १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं पाण्यात विरघळणारं खत) दिलं. शेजारच्या शेतकऱ्याचा पंप आणून तुम्ही ते दोनदा फवारलं. फरक पडला नाही, आणि आता विचारताय की तिसऱ्यांदा काय फवारू.

सध्या काहीच फवारू नका. तुम्ही पाठवलेले फोटो नीट बघितले. खालच्या पानाचा पिवळेपणा वेगळा आहे आणि वरच्या पानाचा वेगळा. दोन्हींना 'पिवळं पडलंय' एवढं एकच नाव दिलं की दुकानदारही एकच पुडी देणार, त्याचा दोष नाही. तेव्हा खरा प्रश्न असा आहे: पिवळेपणा झाडावर कुठून सुरू झाला, आणि पानाच्या कुठल्या भागात सुरू झाला. मी परभणीकडचा. स्वीटकॉर्न स्वतः करतो आणि आसपासच्या गावांतली पिकं बघायलाही जातो. कुणी मक्याचं पान हातात आणून दिलं तरी माझा पहिला प्रश्न हाच असतो की हे झाडाच्या खालून तोडलंत का वरून. नुसतं तोडलेलं पान निम्मंच सांगतं.

कारण असं आहे. नत्र, स्फुरद, पालाश आणि मॅग्नेशियम ही द्रव्यं झाडाच्या आत एका पानातून दुसऱ्या पानात जाऊ शकतात. टंचाई आली की घरातली थोरली माणसं स्वतः अर्धपोटी राहून लेकरांना घालतात, तसं झाड जुन्या पानातलं काढून पोंग्याला, म्हणजे मधल्या गुंडाळलेल्या कोवळ्या पानाला, देतं. म्हणून यांची कमतरता आधी खालच्या पानांवर दिसते. लोहाचं उलट आहे. एकदा पानात गेलं की तिथेच बसतं, म्हणून नवं पान पांढुरकं येतं आणि जुनं हिरवंच राहतं. गंधक आणि जस्तसुद्धा फारसं फिरत नाही, त्यांचीही लक्षणं वरच्या अर्ध्यात आधी दिसतात.

आता तुमचं खालचं पान. तिसऱ्या फोटोत पिवळेपणा टोकापासून निघून मधल्या शिरेच्या बाजूने आत सरकलाय आणि दोन्ही कडा अजून हिरव्या आहेत. पान टोकाकडून धरून बघितलं तर इंग्रजी व्ही अक्षरासारखा आकार दिसतो. मक्यात ही नत्राच्या कमतरतेची खूण आहे, आणि इतकी ठळक की तीवर मी सहसा वाद घालत नाही. हेच जर कडेने झालं असतं, म्हणजे टोकापासून कडा करपत खाली आल्या असत्या आणि मधला भाग हिरवा राहिला असता, तर पुस्तकं पालाश म्हणतात. पण आपल्या काळ्या मातीत पालाश सहसा भरपूर असतो. परसात मक्याच्या कडा करपलेल्या दिसल्या तर मी आधी पाण्याची चौकशी करतो. आरओ मशीनचं टाकाऊ पाणी बागेला सोडलंय का, कपडे धुतलेलं पाणी जातंय का? क्षारांनी कडा जळतात, आणि पालाश घालून ते थांबत नाही. उलट क्षारांत भरच पडते.

वरच्या पानांचा फोटो जवळून घेतलात हे फार बरं केलंत. शिरा हिरव्या, शिरांमधली जागा फिकट, आणि या बारीक रेघा पानाच्या बुडापासून टोकापर्यंत सलग गेल्यात. सगळं पान असं रेघारेघांचं असेल तर माझा संशय लोहावर जातो. जस्ताची कमतरता याहून वेगळी दिसते. मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंना रुंद पांढरट पट्टा येतो, तो पानाच्या बुडाकडच्या अर्ध्या भागात जास्त असतो, आणि मधली शीर, कडा व टोक हिरवं राहतं. झाडही खुजं राहतं, पेरं जवळजवळ येतात. तुमची झाडं गुडघ्याच्या वर गेलीत, पेरं बरी सुटलीत. म्हणून जस्त मी दुसऱ्या नंबरवर ठेवतो, पण पूर्ण सोडत नाही. आपल्याकडच्या जमिनीत लोह आणि जस्त ही दोन्ही दुखणी पुष्कळदा हातात हात घालून येतात. गंधकाचाही विचार मनात ठेवावा. त्यात नवी पानं सरसकट फिकट होतात, रेघा असल्याच तर पुसट असतात.

म्हणजे खाली नत्र आणि वर लोह. दोन वेगळी दुखणी एकाच आठवड्यात कशी आली? माझ्या मते दोन्हींचं मूळ एकच आहे, आणि ते खताच्या पिशवीत नाही. तुमच्या तुकड्याचा वाफसा, म्हणजे मातीतला ओल आणि हवा यांचा मेळ, मोडला.

काळी भारी माती पाणी धरते आणि फुगते. फुगली की हवेच्या वाटा बंद होतात. पाणी साचून राहिलं तर दोन दिवसांच्या आत मुळांभोवतीचा प्राणवायू संपत येतो. मुळं श्वास घेऊ शकत नाहीत, मग ती काही उचलतही नाहीत, जमिनीत कितीही असो. त्यात नत्राचा काही भाग पाण्यासोबत खाली जातो, काही वायू होऊन उडून जातो. तुमचं शेणखत पूर्ण कुजलेलं होतं का, हेही विचारायचं राहिलं. अर्धवट कुजलेलं शेण किंवा सोयाबीनचा भुसा ताजा मिसळला तर तो कुजवणारे जिवाणू आधी जमिनीतलं नत्र स्वतः खातात, आणि पिकाला ते काही आठवडे मिळत नाही. शेणखत घालूनसुद्धा नत्र कमी कसं पडलं, याचं उत्तर बहुतेक वेळा हेच असतं.

लोहाची गोष्ट जरा लांब आहे, पण मराठवाड्यात परसबाग करणाऱ्याने ती समजून घ्यावी. आपल्या काळ्या जमिनी बेसाल्टच्या आहेत, त्यांत लोह रग्गड आहे. तरी झाड लोहाविना राहतं, कारण माती विम्लधर्मी आहे आणि तिच्यात मोकळा चुना असतो. सामू (मातीचा पीएच) साडेसात-आठच्या पुढे गेला की लोह असं बांधलं जातं की मुळांना ते उचलता येत नाही. मक्याची मुळं लोह मोकळं करायला त्याला धरून आणणारं एक द्रव्य सोडतात, पण चुनखडीच्या मातीत तेही पुरं पडत नाही. त्यात झड लागली, माती गच्च झाली, की मुळांच्या श्वासातला कर्बवायू बाहेर पडत नाही. तो चुन्याशी मिळून बायकार्बोनेट वाढवतो आणि लोहाची वाट आणखी अडते. म्हणून चुनखडीच्या जमिनीत पिवळेपणा नेमका झडीनंतर उठून दिसतो आणि उघडीप मिळाली की कित्येकदा आपोआप कमी होतो. शेतकरी दरम्यान जे काही फवारतो, श्रेय मग त्याला मिळतं!

घरामागच्या जागेत आणखी एक भानगड असते. घर बांधताना उरलेलं सिमेंट, चुना, प्लास्टरचे तुकडे, विटांचा चुरा, सगळं तिथेच पसरलेलं असतं आणि वर एखादी ट्रॉली माती टाकून सपाट केलेलं असतं. शेतातल्या जमिनीपेक्षा अशा जागेचा सामू चढा निघतो. तुमच्या तुकड्यात वीतभर खणून बघा. पांढरे खडे, मुरूम, प्लास्टरचे ढेकळे लागतात का? माती वाळवून तिच्यावर लिंबाचा रस पिळा. बारीक बुडबुडे येऊन फसफसलं तर मोकळा चुना आहे. ही घरगुती तपासणी आहे. चुना थोडाच असेल तर लिंबाने काही दिसणारही नाही. पण स्पष्ट फसफसलं तर शंका राहत नाही.

दुसरी खूण तुमच्या अंगणातच असेल. जास्वंद, गुलाब किंवा लिंबाच्या शेंड्याची कोवळी पानं बघा. शिरा हिरव्या आणि मधली जागा पिवळी असेल, तर मक्याला वेगळा रोग झालेला नाही, जमिनीची तक्रार सगळीच झाडं करतायत. ज्वारी आणि भुईमूग तर लोहाच्या बाबतीत मक्याहून नाजूक आहेत. चुनखडीच्या पट्ट्यात भुईमुगाचं शेत लांबूनच पिवळं दिसतं. आणि पाणी बोअरचं असेल तर तेही लक्षात घ्या. ज्या पाण्यात तुरीची डाळ लवकर शिजत नाही, बादलीला पांढरा थर धरतो, ते पाणी दर वेळी मातीत चुन्याची भर घालतं.

हे सगळं मी फोटोवरून म्हणतोय, आणि मोबाइलचा कॅमेरा सकाळच्या आणि संध्याकाळच्या उजेडात पिवळा रंग वेगवेगळा दाखवतो. तेव्हा लोहाची खात्री तुम्हीच करून घ्या, सोपी आहे. किराणा किंवा कृषी दुकानातून हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, थोडं आणा. स्फटिक हिरवट हवेत. पुडीत तांबूस, गंजल्यासारखी भुकटी दिसली तर घेऊ नका, त्यातलं लोह झाडाच्या फारसं कामाचं राहिलेलं नसतं. एक लिटर पाण्यात 5 ग्रॅम हिराकस आणि अर्ध्या लिंबाचा रस टाका. पाणी शक्यतो पावसाचं घ्या, बोअरच्या जड पाण्यात द्रावण बघता बघता तांबूस होतं आणि लोह तळाशी बसतं. त्यात साबणाचा एखादा थेंब घाला. आता रेघारेघांचं एक कोवळं पान निवडा, कापसाच्या बोळ्याने हे द्रावण मधल्या शिरेच्या एकाच बाजूला पुसा, दुसरी बाजू तशीच सोडा, आणि झाडाला दोरा बांधून ठेवा. आठवडाभरात पुसलेली बाजू हिरवी होऊ लागली आणि दुसरी फिकटच राहिली, तर लोह कमी आहे हे झाडानेच सांगितलं. कधी सगळी बाजू हिरवी न होता जिथे थेंब नीट बसला तिथे हिरवे ठिपके उमटतात. तेही उत्तरच समजा.

जस्तासाठी ही युक्ती तितकी चालत नाही. जस्ताविना पांढरा झालेला पट्टा पुन्हा क्वचितच हिरवा होतो. तिथे झिंक सल्फेट फवारून पुढचं पान कसं येतं ते बघावं लागतं.

मग तुमच्या मिश्रणात लोह होतं ना, तरी फरक का नाही? मिश्रणाच्या पुडीवर लोह कुठल्या रूपात आहे ते वाचा. ईडीटीए हे लोहाला विरघळलेलं धरून ठेवणारं रसायन, त्या रूपातलं लोह फवारणीत चालतं, पण चढ्या सामूच्या मातीत ओतलं तर टिकत नाही. सामू साडेसहाच्या वर गेला की त्याची पकड सुटते. मातीतून द्यायचं असेल तर ईडीडीएचए या जास्त घट्ट पकडीच्या रसायनाच्या रूपातलं लागतं, ते महाग असतं, आणि शंभर झाडांसाठी मी तरी सुचवणार नाही. दुसरं, झड चालू असताना फवारलं असेल तर अर्धं धुऊन गेलं. तिसरं, मुळंच गुदमरलेली असताना वरून दिलेल्या चार थेंबांवर एवढं झाड किती दिवस चालणार?

आता पंपाबद्दल. खरं सांगायचं तर तुमच्या सगळ्या प्रश्नात मला याच वाक्याने जास्त अस्वस्थ केलं. जुलै महिन्यात लातूर जिल्ह्यात शेतकऱ्याच्या पंपात बहुतेक सोयाबीनचं तणनाशक असतं. त्यातली काही तणनाशकं, उदाहरणार्थ क्विझालोफॉप किंवा प्रोपाक्विझाफॉप, खास गवतवर्गीय तण मारण्यासाठीच असतात, आणि मका हे गवताच्याच कुळातलं पीक आहे. सोयाबीनला काही होत नाही, मका मरतो. नुसत्या पाण्याने एकदा खळखळून घेतलेल्या पंपात, नळीत आणि गाळणीत उरलेला अंशसुद्धा कोवळ्या मक्याला पुरतो. शेजारच्या शेतात फवारणी चालू असताना वाऱ्याने उडत आलेला फवाराही हेच करतो. इमॅझेथापायरचा अंश लागला तर मका मरेलच असं नाही, पण वाढ खुंटते, नवी पानं पिवळी पडतात आणि कधी जांभळी झाक येते. हे सगळं अन्नद्रव्याच्या कमतरतेसारखंच दिसतं, म्हणून फसगत होते.

तपासायचं असं: दोन-चार पिवळ्या झाडांचा पोंगा, म्हणजे मधलं गुंडाळलेलं कोवळं पान, चिमटीत धरून हळू वर ओढा. निरोगी झाडात ते चिवट असतं, ओढून निघत नाही, तुटलंच तर करकर आवाज करत तुटतं. गवतनाशकाने मार खाल्लेल्या झाडात ते सुळकन हातात येतं आणि त्याचं बूड तपकिरी, मऊ, कुजलेलं असतं. तसं निघालं तर त्या झाडावर पुढे खर्च करू नका, उपटून टाका. मात्र पोंगा सहज निघाला म्हणून लगेच तणनाशकावर खापर फोडायचं नाही. खोडकिडीनेही पोंगा सुकतो आणि ओढल्यावर निघतो. त्यात बुडाशी पोखरलेलं भोक आणि विष्ठा दिसते, कधी अळीच सापडते. पोंगे घट्ट असतील तर पंपाची शंका सोडून द्या, आणि पुढच्या वेळी पाचशे रुपयांचा स्वतःचा हातपंप घ्या.

काही झाडांच्या पानांच्या कडा जांभळ्या दिसतात म्हणून तुम्ही डीएपी (नत्र-स्फुरदाचं रासायनिक खत) टाकायचा विचार करताय. थांबा. जांभळी कडा हे स्फुरदाच्या कमतरतेचं लक्षण खरं आहे, पण ती जास्त करून पहिल्या दोन-तीन आठवड्यांच्या रोपात दिसते, आणि थंडीत अधिक. रब्बीत लावलेल्या मक्याला परभणीच्या थंडीत ती हटकून येते, आणि ऊन वाढलं की बरेचदा आपली आपण जाते. मुळं दुखावली, पाणी साचलं, की पानातली साखर खाली जात नाही आणि तिथेच जांभळा रंग धरतो. काही वाणांचा तो जन्मजात रंगच असतो. पुढे कणीस न धरलेल्या झाडाची पानंही तांबूस-जांभळी होतात, कारण साखरेला जायला जागा नसते. तुमच्या शंभर झाडांत पाच-सहा अशी असतील तर दुर्लक्ष करा. डीएपी वरचेवर ओतलं तर स्फुरद वाढून जस्त आणखी अडतं, आणि आपल्या जमिनीत ते आधीच कमी. पुढच्या हंगामात स्फुरद पेरणीच्या वेळी सिंगल सुपर फॉस्फेटमधून द्या, त्यात गंधकही मिळतं.

व्हिडिओत बघून तुम्ही एप्सम सॉल्टबद्दल विचारलंय. ते मॅग्नेशियम सल्फेट. बेसाल्टच्या काळ्या मातीत मॅग्नेशियम सहसा कमी नसतं. ते व्हिडिओ बहुतेक कुंडीत कोकोपीट भरून झाडं वाढवणाऱ्यांचे असतात. तुमच्यासाठी तो खर्च वाया.

रोग-किडीचं थोडक्यात बघून घेऊ, कारण फोटोंत मला त्यांची खूण दिसली नाही, पण तुम्ही एकदा डोळ्यांखालून घाला. केवडा रोगात पानावर पिवळट-पांढरे लांब पट्टे येतात, पानं अरुंद आणि ताठ होतात, आणि पहाटे दव असताना पान उलटं केलं तर खाली पांढरी बुरशी दिसते. हा लोहाशी सगळ्यात जास्त गफलत करणारा रोग. पण लोहाची कमतरता तुकड्यातल्या एका पट्ट्यात, खोलगट भागात, सगळ्या झाडांना सारखी दिसते. केवड्याची झाडं मध्येच एक-एक अशी सुटी दिसतात. तसं झाड सापडलं तर उपटून पिशवीत भरून बाहेर काढा, कंपोस्टच्या खड्ड्यात टाकू नका. करप्याचे डाग लांबट, दोन्हीकडे निमुळते, राखी-तपकिरी असतात. तांबेऱ्याचे विटकरी फोड पानाच्या दोन्ही बाजूंना येतात आणि बोटाला भुकटी लागते. अमेरिकन लष्करी अळी आपल्या देशात 2018 साली कर्नाटकात पहिल्यांदा आढळली आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात पोचली. तिच्या कोवळ्या अळ्या पानाचा हिरवा भाग खरवडून पारदर्शक खिडक्या पाडतात, मोठ्या झाल्या की पोंग्यात शिरून पानं फाडतात आणि तिथे ओल्या लाकडाच्या भुशासारखी विष्ठा साठते. शंभर झाडं आहेत, सकाळी हाताने वेचल्या तरी भागतं. आणि शंभरात एखादंच झाड जन्मापासून पांढऱ्या पट्ट्यांचं असेल, शेजारची दोन्ही झाडं हिरवीगार असतील, तर तो बियाण्याचा गुण आहे, त्याला औषध नाही.

स्वीटकॉर्न साध्या मक्याच्या आधी पिवळं का पडतं असंही तुम्ही विचारलंत. त्याचं बी सुरकुतलेलं असतं, पिठाचा साठा कमी, म्हणून रोप सुरुवातीपासून नाजूक. साध्या मक्याने सोसलं असतं ते हे पीक बोलून दाखवतं.

आता करायचं काय. पाणी अजून थांबत असेल तर आधी उताराच्या बाजूने वीतभर खोल चर काढा. पायाखाली माती चिकटायची थांबली, मुठीत दाबल्यावर ढेकूळ होऊन बोटाने फुटायला लागली, की वाफसा आला. मग दोन ओळींमध्ये खुरप्याने वरचा थर हलकेच मोडा, फार खोल जाऊ नका, मक्याची मुळं वरच असतात. त्यानंतर युरिया. सगळ्या तुकड्याला मिळून सव्वाशे ते दीडशे ग्रॅम, त्याहून जास्त नको. बुंध्यापासून चार बोटं दूर, रेघ ओढून त्यात टाका आणि मातीने झाका. हिशोब कुठून आला ते सांगतो. मक्याला हेक्टरी 120 किलो नत्राची शिफारस धरली तर चौरस मीटरला 12 ग्रॅम नत्र, म्हणजे साधारण 26 ग्रॅम युरिया होतो. तो तीन हप्त्यांत द्यायचा, आणि तुमचा तुकडा 14 चौरस मीटरचा आहे. तुम्ही पेरताना रासायनिक खत दिलं नव्हतं म्हणून हा हप्ता पूर्ण द्या, आणि तुरा यायच्या सुमारास एवढाच आणखी एक. बुंध्याला मातीची भर त्याच वेळी लावा. पुढच्या वाऱ्यात झाड आडवं पडत नाही, आणि खालच्या पेरातून नवी मुळं मातीत उतरतात.

लोहाची फवारणी पान पुसून खात्री झाल्यावरच करा. तेच द्रावण, एक लिटर एवढ्या झाडांना पुरतं. सकाळी किंवा ऊन उतरल्यावर फवारा, फवारताना वरची पानं ओली होऊ देत, आणि आठ-दहा दिवसांनी पुन्हा एकदा. हिराकसचे डाग भिंतीवर आणि कपड्यांवर पक्के बसतात, जुने कपडे घाला. जस्ताची शंका असेल तर लिटरला 5 ग्रॅम झिंक सल्फेट आणि त्याच्या निम्मा चुना, चुन्याचं निवळ पाणी घेऊन. चुना झिंक सल्फेटने पान भाजू नये म्हणून असतो. हिराकस आणि झिंक एका भांड्यात मिसळू नका, दोन-तीन दिवसांचं अंतर ठेवा.

खालची जी पानं पूर्ण पिवळी झालीत ती पुन्हा हिरवी होणार नाहीत. उपाय लागू पडला का हे ठरवताना त्यांच्याकडे बघू नका, पोंग्यातून येणारं नवं पान बघा. पुढे कणीस भरत असताना खालची दोन-तीन पानं वाळतात, तेही वाळू द्या.

यंदाचं पीक निघाल्यावर मातीचा नमुना जिल्ह्यातल्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा शासकीय प्रयोगशाळेत द्या. सामू, क्षार, मुक्त चुना, सेंद्रिय कर्ब, लोह आणि जस्त, एवढं लिहून मागा. नुसतं नत्र-स्फुरद-पालाश तपासून तुमचा प्रश्न सुटणार नाही. जस्त कमी निघालं तर एवढ्या तुकड्याला 35 ग्रॅम झिंक सल्फेट चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळून पेरणीआधी द्या. आणि पुढच्या पावसाळ्यात सपाट वाफ्यात मका लावू नका. वीतभर उंच गादीवाफा करा, त्यावर टोकण करा. चुना तुम्हाला घालवता येणार नाही, पाणी मात्र अडणार नाही एवढं तुमच्या हातात आहे.

शेवटचं, ही कणसं लेकरांना द्यायला हरकत नाही का, असं विचारलंत. नत्र-लोहाच्या कमतरतेने खाण्याला काही अपाय होत नाही, दाणे कमी भरतात एवढंच. कुठलं कीटकनाशक फवारलंच, तर डब्यावर लिहिलेले दिवस पाळा. कणसाचे केस बाहेर पडल्यापासून पावसाळ्यात साधारण वीस दिवस मोजा. केस तपकिरी होऊन सुकले आणि वरचा दाणा नखाने टोचल्यावर दुधासारखा रस आला की तोडा. पाण्यासारखा आला तर दोन दिवस थांबा. घट्ट, पिठासारखा निघाला तर उशीर झाला, गोडी कमी झालेली असेल.